१९४७ साली डॉलर आणि रुपया खरोखर समान होते का?

प्रश्न: स्वातंत्र्याच्या वेळी एका रुपयाला एक डॉलर मिळत असे, असे विधान वारंवार वाचनात येते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

प्रतिसाद: हे विधान निखालस चुकीचे आहे आणि तरीही ते पसरत राहावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्या काळी रुपया डॉलरशी नव्हे, तर पौंडाशी बांधलेला होता. एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स (तेव्हा १२ पेन्सचा एक शिलिंग व २० शिलिंगांचा एक पौंड होई) हा १९२७ पासूनचा दर कायम असल्यामुळे एका पौंडाचे सुमारे १३.३३ रुपये होत आणि पौंड ४.०३ डॉलरचा असल्याने एक डॉलर साधारण ३.३१ रुपयांना पडे.

प्रतिसाद: सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरला, तेव्हा रुपयाही त्याच प्रमाणात उतरून डॉलर ४.७६ रुपयांवर गेला. ६ जून १९६६ रोजी भारताने स्वतः अवमूल्यन केले व दर ७.५० झाला.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. १९६७ मध्ये पौंडाचे पुन्हा अवमूल्यन झाले, तेव्हाही रुपया त्याच्यामागे गेला का?

प्रतिसाद: नाही. डॉलरचा दर ७.५० रुपयेच राहिला, त्यामुळे २१ रुपयांचा पौंड १८ रुपयांवर आला.