दर मार्चमध्ये एसीचा गॅस गायब. कंपनी बदलू का?

नाल्यामागची
नमस्कार मंडळी. ठाण्यात दुसऱ्या मजल्यावर राहते, बेडरूमच्या मागे उघडा नाला आहे. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, आर-३२ गॅसवाला. दर मार्चमध्ये लावला की नुसता वारा येतो, गारवा नाही. मेकॅनिक येतो, गेज लावतो, "गॅस कमी आहे मॅडम" म्हणतो आणि तीनेक हजार घेऊन भरून जातो. पाऊस लागेपर्यंत निभतं, पुढच्या मार्चला पुन्हा तेच. यंदा तर म्हणाला, "वापरला की गॅस उडणारच ना थोडाफार." हॉलमधला एसी त्याच कंपनीचा, तोही तेवढाच जुना, पण ठणठणीत आहे. तो रस्त्याच्या बाजूला आहे. काय करू?

कांजूरकर
कंपनी बदला, दुसरं काय. नवीन घेताना ब्लू फिन बघून घ्या. निळी कॉइल गंजत नाही.

गेजवाला
कांजूरकर दादा, जरा दमानं. निळा रंग असतो तो अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर. गॅस फिरतो तांब्याच्या नळीतून, आणि कडेला नळीचे जे यू-बेंड वळलेले असतात ते बहुतेक वेळा उघडेच. पत्रा निळाशार आणि बेंड काळाकुट्ट, अशा कॉइली माझ्या टेबलावर कितीतरी येतात. डोंबिवलीत माझं एसी रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, खाडीकाठची गिऱ्हाईकं बरीच.

ताई, एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. गॅस वापरल्यानं संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळाला, आणि गळाला म्हणजे भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणारा माणूस पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक आजच बांधून ठेवतो.

तुमचा हॉलचा एसी शाबूत आहे म्हणताय, तिथंच मला वास लागला. उघड्या नाल्यातून हायड्रोजन सल्फाइड येतो, तोच कुजक्या अंड्याचा वास. हवेपेक्षा जड, म्हणून खालच्या मजल्यांना त्रास जास्त. तांब्याला तो लागला की त्याचं कॉपर सल्फाइड होतं, काळी पूड सुटते आणि नळी कुठंतरी टाचणीएवढी उघडते. डोळ्यांना भोक दिसत नाही. देवघरातली चांदी लवकर काळी पडते का? पितळी समई आठवड्यात मळते का? एवढं सांगा.

आणि दोन गोष्टी बघून कळवा. एक, एसी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून बाहेरच्या युनिटपाशी बारीक पाइपवर बर्फ धरतो का. खिडकीतून नुसतं बघा, ग्रिलवर चढू नका. बारीक पाइपवर पांढरं धरलं तर गॅस कमी असण्याची शक्यता जास्त. आतली सगळी कॉइल नि जाडा पाइप गोठत असेल, तर आधी फिल्टरची जाळी धुवा, तो हवेचा घोळ असतो. दोन, आतल्या युनिटचा पाणी जायचा पाइप नेमका कुठं सोडलाय? हे दुसरं विसरू नका.

सर्व्हररूम
गेजवाला बरोबर बोलतायत. आमच्याकडे सर्व्हर रूममध्ये तांब्याची पट्टी टांगून ठेवतात आणि महिन्यात तिच्यावर किती थर बसला ते लॅबमध्ये मोजतात. महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत असेल तर हवा सौम्य समजतात. घरी लॅब कशाला? तांब्याचं एक फुलपात्र लिंबू-मिठानं लख्ख घासून, पुसून बेडरूममध्ये एसीखाली ठेवा, दुसरं तसंच हॉलमध्ये. हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत फरक कळेल. अशा हवेत एसीचं सर्किट बोर्डही लवकर जातं, तेवढं लक्षात असू द्या.

नाल्यामागची
बघून सांगते. बारीक पाइपवर बर्फ आहे. देवघर बेडरूमच्याच भिंतीला लागून आहे, आणि चांदीची अन्नपूर्णा आठवड्यातच काळवंडते. मला वाटायचं माझी पावडरच हलकी. फुलपात्रं ठेवली आहेत, पंधरा दिवस जायच्या आधीच बेडरूममधलं तपकिरी-काळं पडलं, हॉलमधलं नुसतं थोडं मंद झालंय. पाण्याचा पाइप फॉल्स सीलिंगवरून बाथरूमच्या जाळीत, म्हणजे नहाणीच्या ट्रॅपच्या (जाळीखाली पाणी साठून गटाराचा वास अडवणाऱ्या भांड्याच्या) आत खाली खोचला आहे. इंटिरियरवाल्याने तसंच केलं होतं. हॉलचा पाइप सरळ बाल्कनीत पडतो.

गेजवाला
ताई, मग नाला हा अर्धाच चोर. उरलेला अर्धा तुमच्या बाथरूममध्ये.

आतल्या युनिटमध्ये पंखा कॉइलच्या मागं असतो, तो कॉइलमधून हवा ओढतो. म्हणजे कॉइलखालच्या ट्रेपाशी कायम थोडी ओढ असते. ड्रेन पाइपचं टोक ट्रॅपच्या पाण्याच्या खाली, गटाराच्या बाजूला गेलं असेल, तर एसी त्या पाइपातून गटाराची हवा वर ओढून थेट तांब्यावर सोडतो, स्ट्रॉनं उसाचा रस ओढावा तसा. एसी बंद असतानाही पाइप उघडाच, पावसाळा-हिवाळा वाफ येतच राहते. म्हणून तुमचा गॅस सीझन नसताना जातो आणि मार्चला कळतं.

आता मेकॅनिकला काय सांगायचं. गॅस भरू नकोस, आधी प्रेशर टाक. आतलं युनिट फ्लेअर नट (पाइप जोडणारे नट) सोडून वेगळं करायचं, नायट्रोजन भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी काटा उतरलाय का बघायचं. बाहेरच्याचं आणि मधल्या पाइपिंगचं तसंच. कुठला भाग गळतोय हे कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. नायट्रोजनच, ऑक्सिजन चुकूनही नको. आत तेल असतं, ऑक्सिजननं स्फोट होतो. आर-३२ स्वतःही थोडा पेटणारा, त्यामुळं गॅस काढल्याशिवाय जोडकामाची ज्योत (टॉर्च) लावणारा माणूस दारातूनच परत पाठवा.

गळती यू-बेंडवर सापडली तर ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवणं, होईल. पण सगळे बेंड काळे दिसत असतील तर एक बुजवला की शेजारचा उघडेल, कॉइलच बदला. मी दुकानात अशी कॉइल पाण्याच्या टाकीत बुडवतो. बुडबुडे एका ठिकाणाहून येत नाहीत, पत्र्यांच्या फटींतून बारीक माळच निघते. ती बघितल्यावर गिऱ्हाईक डागडुजीचा हट्ट सोडतं. बिल काढून वॉरंटी बघा, कॉइलवर किती वर्षं लिहिली आहेत ते कंपनीगणिक वेगळं असतं.

नवीन कॉइल बसली की नळीतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावायचा आणि गॅस वजनकाट्यावर भरायचा. बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर गॅसचं नाव नि वजन छापलेलं असतं, तेवढाच. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत असतो, त्यामुळं नुसत्या गेजवर अंदाज धरणाऱ्याचं कौतुक करू नका.

आणि ड्रेन पाइप जाळीच्या चार बोटं वरच सोडा, आत खोचायचा नाही. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये पाणी राहील असं बघा, एसी बंद असला तरी आठवड्यातून तांब्याभर पाणी ओता.

मीठबंदर
रत्नागिरीचा अनुभव जोडतो. आमच्याकडे नाला नाही, खारा वारा. आतलं युनिट छान, बाहेरच्याचे पत्रे दोन-तीन वर्षांत बोटानं दाबले तर चुरतात. महिन्याला गोड्या पाण्यानं हलकं धुतो, जेट लावत नाही, पत्रे वाकतात. तेवढ्यावर बरंच टिकलंय.

नाल्यामागची
गेजवाला दादा, मोठे आभार. कॉइलचं कळवते. तोवर बाथरूममधून पाइप काढून खिडकीखाली बादलीत सोडला तर चालेल?

गेजवाला
चालेल. फक्त टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. बुडलं की पाइपात हवा अडकते, पाणी उतरत नाही आणि ट्रे भरून आतल्या युनिटमधून गादीवर गळायला लागतं. पाइपला मधे कुठं पोटही नको, सरळ उतार ठेवा. बादली रोज रिकामी करा, डास होतात.