मदत हवी आहे: कोरल ब्यूटी नऊ दिवसांपासून खात नाहीये

मंडळी, नमस्कार. इंदूरला सुदामा नगरात राहते. घरी २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, दीड वर्ष जुना. नऊ दिवसांपूर्वी कोरल ब्यूटी आणला, म्हणजे बुटक्या एंजलफिशपैकी एक. जांभळट निळं अंग, कुशीवर केशरी झाक आणि त्यावर बारीक उभ्या रेघा. इतका देखणा मासा मी आजवर पाळला नव्हता.

पण तो खातच नाही. पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) समोरून जातात, गोठवलेली आर्टेमिया (बारीक खारी कोळंबी) सुद्धा तोंडात घेऊन थुंकतो. दिवसभर दगडामागे असतो. दिवे मंद झाले की बाहेर येऊन दगडावरचं शेवाळ टोचतो, एवढाच काय तो धीर. पोट मात्र आत गेलंय.

तापमान २६, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारटपणाचं माप) १.०२५, अमोनिया शून्य, नायट्रेट १० च्या आसपास. पाणी आरओचंच. अंगावर पांढरे ठिपके नाहीत. दुकानदार म्हणाले, तांब्याचं औषध टाका. माझं मन घेत नाही: टँकमध्ये कोळंबी आणि मऊ प्रवाळ आहेत, ते तांब्याने मरतील, आणि हे बुटके एंजलही तांब्याला नाजूक असतात असं वाचलंय.

नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद) दगडाला बांधून पाहू का? लसूण लावलेलं खाणं कुणाला लागू पडलं? टँकमधला पिवळा डॅमसेल मासा त्याच्यावर धावून जातो, त्याला आधी वेगळं करू? इंदूरात कुणाकडे शेवाळ चढलेला जिवंत दगड (सूक्ष्मजीव वसलेला समुद्री दगड) असेल तर कृपया सांगा, मी आजच येऊन घेऊन जाईन.