विभागप्रमुखाने नम्र असावे म्हणजे नेमके काय करावे?

प्रश्न : मशीनशॉप_चाकण

चाकण परिसरात मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होतो. या वर्षी माझ्याकडे मशीन शॉपची जबाबदारी आली. सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे) लेथ, मशीनिंग सेंटर, तीन पाळ्या, कायम कामगार, ट्रेनी आणि कंत्राटी मुले असा सगळा कारभार आहे. कायम कामगारांपैकी बरेच जण माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत. शॉपमधील सगळे त्यांना मामा किंवा अण्णा म्हणतात आणि ते मात्र मला ‘साहेब’ म्हणतात. मापन आणि तपासणी हा माझा विषय असला, तरी नुसत्या आवाजावरून इन्सर्ट (धातू कापणारे बदलते पाते) गेल्याचे ओळखणारी माणसे ती आहेत, मी नव्हे.

अडचण अशी की वाईट बातमी माझ्यापर्यंत फार उशिरा पोहोचते. रात्रपाळीत बोअरचे (नगातील छिद्राचे) माप मर्यादेबाहेर गेले, तर ते नग लाल बिनमध्ये (नापास नगांच्या पेटीत) टाकण्याऐवजी रिवर्कच्या (दुरुस्तीच्या) ट्रॉलीत सारले जातात. बोअर मोठा झालेला नग रिवर्क होणार नाही हे सारणाऱ्यालाही ठाऊक असते. असेंब्लीकडून तक्रार आली की मगच प्रकार उघड होतो. सकाळच्या बैठकीत ‘काही अडचण आहे का?’ असे विचारले, तर ‘नाही साहेब, होईल’ एवढेच उत्तर मिळते. मी लोकांची मते विचारू लागलो, तेव्हा एका वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन, इतके विचारत बसलात तर लोक डोक्यावर बसतील, असे बजावले. आवाज चढवणे माझ्या स्वभावात नाही आणि ते शिकण्याची इच्छाही नाही. परंतु नम्र राहणे आणि नुसते मवाळ असणे यांत फरक असला पाहिजे, असे वाटते. उत्पादनाचे आकडे तर गाठायचेच आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष माणसे सांभाळली आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त_वर्क्स_मॅनेजर

आपल्या वरिष्ठांनी दिलेला सल्ला मीही नोकरीत अनेकदा ऐकला आहे. विचारल्यामुळे लोक डोक्यावर बसतात, हे मला कधी दिसले नाही. विचारून झाल्यावर साहेब काहीच करत नाही हे लक्षात आले, की मात्र ते नक्की बसतात.

आपल्या प्रश्नाच्या शब्दांपासून सुरुवात करू. चारचौघांत ‘अडचण आहे’ असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या पाळीवर आणि शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्यावर बोट ठेवणे होय. ते कोण करील? त्यापेक्षा पाळी बदलताना मशीनजवळ जावे आणि ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देताच येणार नाही, असे विचारावे. रात्री कोणत्या मशीनवर ऑफसेट (मापाची दुरुस्ती) वारंवार द्यावा लागला, कोणता इन्सर्ट ठरलेल्या नगसंख्येच्या आधीच बदलावा लागला, पहिला नग पास व्हायला कुठे वेळ गेला, हे विचारताना कोणाची चूक शोधली जात नाही आणि तरीही बिघाडाची दिशा कळते. जे आपल्याला खरोखर ठाऊक नाही तेच विचारावे. नम्र दिसण्यासाठी विचारलेला प्रश्न जुना सेटर तत्काळ ओळखतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. टोयोटाच्या कारखान्यांतील अँडॉनच्या, म्हणजे अडचणीचा इशारा देणाऱ्या दिव्याच्या, दोरीविषयी आपण ऐकले असेल. आपल्याकडे असा समज आहे की कामगाराने दोरी ओढली की लाइन बंद पडते. प्रत्यक्षात दोरी ओढली की दिवा लागतो, सूर सुरू होतो आणि टीम लीडर त्या जागी धावतो. ठरलेल्या रेषेपर्यंत गाडी पोहोचेपर्यंत प्रश्न सुटला नाही, तरच लाइन थांबते. दोरीचे सगळे बळ त्या धावत येणाऱ्या माणसात आहे. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना संप, गैरहजेरी आणि निकृष्ट गाड्यांसाठी बदनाम होऊन १९८२ मध्ये बंद पडला होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तो पुन्हा सुरू केला, तेव्हा बहुतेक कामगार जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. तरीही थोड्याच काळात तेथील गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानी कारखान्यांच्या जवळपास पोहोचला. कामगार तेच राहून एवढा फरक पडत असेल, तर त्याचे कारण त्यांना चालवण्याच्या रीतीतच शोधावे लागते.

आपल्या औद्योगिक वसाहतींत अँडॉनचे दिवे मी पुष्कळ पाहिले. काही ठिकाणी दिवा लागल्यावर कोणी फिरकतच नसे, तर काही ठिकाणी येणारा माणूस ‘आता काय केलंस?’ असे विचारतच येई. दोन्ही ठिकाणी दिव्यावर धूळ बसलेली असे. तेव्हा आपल्या शॉपमध्ये कोणी आपणहून ‘साहेब, नग गेले’ असे सांगेल, त्या पहिल्या वेळी आपला चेहरा कसा असतो आणि आपण पुढच्या दहा मिनिटांत काय करता, याकडे सगळी पाळी पाहत असेल.

उत्तर : भूलतज्ज्ञ_नागपूर

माझे क्षेत्र वेगळे आहे, पण शस्त्रक्रियागृहातील उतरंड कारखान्यापेक्षा कडक असते, म्हणून लिहीत आहे.

हाताखालच्या माणसाने वरिष्ठाला टोकणे किती अवघड असते, याचे उदाहरण म्हणून आमच्या प्रशिक्षणात टेनेरिफच्या विमान अपघाताची चर्चा होते. २७ मार्च १९७७ रोजी धुक्यात केएलएम आणि पॅन अॅम यांची दोन जम्बो विमाने एकाच धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. केएलएमचे कप्तान हे त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होते. त्यांनी इंजिनांचा जोर वाढवला, तेव्हा अजून परवानगी मिळालेली नाही, असे सहवैमानिकाने त्यांना एकदा सांगितले आणि कप्तान थांबले. काही क्षणांनी परवानगीविनाच विमान पुन्हा पुढे सरकले, तेव्हा मात्र त्याने अडवले नाही. समोरचे विमान बाजूला झालेले नाही का, असे फ्लाइट इंजिनिअरने विचारले. कप्तानांनी ठाम स्वरात ते झाले असल्याचे सांगितले आणि विषय संपला. मला यातील सहवैमानिकाचे मौन अधिक अस्वस्थ करते, कारण इतक्या ज्येष्ठ माणसाला मिनिटभरात दोनदा टोकणे फार थोड्यांना जमते. आपल्या मामा-अण्णांपैकी एखाद्याने एकदा काही सांगितले आणि ते वाऱ्यावर गेले, तर दुसऱ्यांदा तो सांगेल अशी अपेक्षा धरू नये.

म्हणून बोलण्याची जागा वरिष्ठानेच ठरवून द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-यादी दिली, तिच्यात पहिला छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे आणि शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांनी आपापल्या शंका मांडाव्यात, असे आहे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात शंभरावर रुग्णालयांनी यादी लागू केली, तेव्हा लक्षणीय फरक दिसला नाही, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. याची कारणे काय, यावर वाद आहे. मी स्वतः अशी शस्त्रक्रियागृहे पाहिली आहेत, जिथे सगळ्या चौकटींत खुणा आधीच केलेल्या असतात आणि शल्यचिकित्सक आत येतात ते हात धुऊन थेट टेबलाशीच.

एक सावधगिरीचा इशाराही द्यावासा वाटतो. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील औषध देण्याच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चमूंत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण नोंदींत त्या जास्त निघाल्या. चौकशीअंती असे दिसले की या चमूंत चुकांविषयी मोकळेपणाने बोलले जात होते आणि इतर ठिकाणी त्या दडवल्या जात होत्या. आपण यशस्वी होऊ लागलात की आपल्या लाल बिनमधील नगही वाढतील आणि महिनाअखेरीच्या तक्त्यात आपली कामगिरी आधीच्या प्रमुखांपेक्षा वाईट दिसेल. हे आपल्या वरिष्ठांना आधीच लेखी सांगून ठेवावे. ते वाढलेले आकडे पाहून आपणच घाबरलात, तर सगळे नग पुन्हा ट्रॉलीत जातील.

उत्तर : डिप्लोमा_रात्रपाळी

वरील दोन्ही ज्येष्ठांचा आदर ठेवून थोडे कडू लिहितो. मी साहेब नाही, साहेबांच्या हाताखाली काम करणारा आहे.

आमच्याकडेही नम्र साहेब येऊन गेले. ते कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलावर जेवायचे, वाढदिवसाला केक कापायचे, खांद्यावर हात ठेवायचे. त्याच साहेबांच्या काळात ऑपरेटरने सुचवलेल्या फिक्स्चरचा (नग पकडण्याच्या साधनाचा) कायझेन, म्हणजे सुधारणेची सूचना, इंजिनिअरच्या नावाने गेला आणि त्याचे बक्षीसही त्या इंजिनिअरनेच घेतले. त्यानंतर त्या लाइनवरून एकही सूचना आली नाही, आणि ‘लोकांना काही सुचतच नाही’ असे बैठकीत सांगितले गेले. साहेब कसा आहे हे आम्ही त्याच्या बोलण्यावरून ठरवत नाही. गणपतीच्या आणि शेतीच्या कामाच्या दिवसांत रजा कोणाला मिळते, ओव्हरटाइमची यादी कोण करतो, सलग रात्रपाळ्या कोणाच्या वाट्याला येतात, यावरून ठरवतो.

दुसरे असे की आपण कंत्राटी मुलांचा उल्लेख केला आहे, पण नग दडवणारे त्यांच्यापैकी किती आणि कायम कामगार किती, हे लिहिलेले नाही. कायम कामगार गप्प बसतो तेव्हा त्याला बोलणी खायची नसतात. कंत्राटी मुलगा गप्प बसतो, कारण उद्या गेटवर त्याचे कार्ड चालणार नाही, ही भीती त्याला असते आणि ती खोटी नसते. त्याच्याशी आपण कितीही गोड बोललात तरी ती जात नाही. नग गेल्याचे स्वतः सांगणाऱ्या मुलाला त्या कारणासाठी काढले जाणार नाही, हे आपण कंत्राटदाराकडून कबूल करून घेऊ शकता का? तेवढा अधिकार नसेल, तर निदान त्या मुलांना ‘मनमोकळे बोला’ असे सांगू नका.

प्रश्नकर्ता : मशीनशॉप_चाकण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दडवलेल्या नगांची कायम आणि कंत्राटी अशी विभागणी मी केलेली नव्हती. ती या आठवड्यात करतो. कंत्राटदाराशी बोलण्याचा अधिकार मनुष्यबळ विभागाकडे आहे, तरी विषय तिथे मांडेन.

निवृत्त वर्क्स मॅनेजर काकांना एक विचारायचे आहे. काही मशीनचे डोअर इंटरलॉक (दार उघडे असताना मशीन चालू न देणारी सुरक्षा-व्यवस्था) बायपास केलेले आढळले. दार उघडे ठेवून जॉब बदलला की काही सेकंद वाचतात. करणारे अनुभवी आहेत आणि वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे. अशा वेळीही मत विचारायचे का?

उत्तर : निवृत्त_वर्क्स_मॅनेजर

नाही. मशीन त्याच क्षणी थांबवावे, मेंटेनन्सला बोलावून इंटरलॉक पूर्ववत करून घ्यावा आणि त्याशिवाय मशीन सुरू होऊ देऊ नये. समोर मामा असोत की अण्णा. ‘मामा, हे चालणार नाही’ एवढे शांतपणे सांगितले की पुरे, त्यासाठी आवाज चढवावा लागत नाही. नग धरून फिरणाऱ्या चकजवळ हात जाण्याच्या प्रश्नावर बहुमत घेणारा साहेब मला तरी नम्र वाटत नाही. तो जबाबदारी टाळत असतो.

विचारायचे ते त्यानंतर. ते काही सेकंद का वाचवावे लागत होते? बहुतेक ठिकाणी उत्तर असे निघते की ताशी नगांचे उद्दिष्ट ठरवताना दार उघडण्या-मिटण्याचा वेळ कोणी धरलेलाच नसतो. इंटरलॉक चालू ठेवून जॉब बदलायला किती वेळ लागतो, ते त्याच अनुभवी ऑपरेटरला सोबत घेऊन स्टॉपवॉचवर मोजावे. उद्दिष्ट कमी करावे लागले, तर सुधारित आकडा घेऊन प्रॉडक्शनच्या बैठकीत आपण जावे आणि तिथे जे ऐकून घ्यावे लागेल ते आपणच ऐकून घ्यावे. ऑपरेटरला त्या बैठकीत उभे करू नये.

डिप्लोमावाल्या मुलाने कायझेनविषयी लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे. फॉर्मवर सुचवणाऱ्याच्या नावाची ओळ इंजिनिअरच्या नावाच्या वर छापून घ्यावी. छपाईचा खर्च नगण्य आहे, विरोध मात्र बराच होईल.