छोट्या फोटोग्राफरने रोज रील टाकत बसावं का? नाशिकवाल्यांनो, तुमचं मत सांगा

पंचवटी स्टुडिओवाला (धागा सुरू केला)

पंचवटीत छोटा स्टुडिओ आहे, लग्न, मुंज, साखरपुडा अशा ऑर्डरी आणि मधल्या वेळात पासपोर्ट फोटो. आजकाल जो भेटतो तो एकच सांगतो, इन्स्टावर रोज टाका, नाहीतर धंदा संपला. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, लगेच जुलैत इन्स्टाने आपल्याकडे रील्स आणलं, आणि तेव्हापासून फोटो मागे पडला. म्हणजे आपण फोटोवाले आणि आपल्यालाच तिथे टिकायला व्हिडिओ करायचा. त्यातही नियम त्यांचे. जानेवारी 2025 मध्ये प्रोफाइलवरची फोटोंच्या चौकटींची चौकोनी ग्रिड जाऊन उभी झाली आणि ज्यांनी वर्षानुवर्षं हिशोबाने मांडणी केली होती त्यांच्या फ्रेम कापल्या गेल्या, कोणी विचारलं का आपल्याला?

बरं व्ह्यूज येतात, पण कुठून? गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला केलेलं प्रीवेडिंग इंदूर-लखनौच्या लोकांनी बघून मला काय मिळणार, माझं गिऱ्हाईक दिंडोरी, सिन्नर, पिंपळगावचं आहे. आणि लग्नाची ऑर्डर ठरवतं कोण? मुलीचे वडील, मुलाचा मामा, मंडपवाला, लॉन्सचा मॅनेजर. ती माणसं अल्बम हातात घेऊन पानं उलटतात, आधीच्या लग्नात तू वेळेवर आला होतास का ते विचारतात. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू, दिवसभर शूट, रात्री डेटा कॉपी करून दोन ठिकाणी बॅकअप, मग सिलेक्शनसाठी घरच्यांच्या मागे लागणं, त्यात रील कधी कापणार? अल्बम उशिरा गेला तर अख्ख्या भावकीत नाव खराब होतं, ते कुठल्या रीलने भरून निघत नाही.

माझं म्हणणं एवढंच की गूगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं ते नीट करा, पत्ता, वेळ, स्वतः काढलेले फोटो आणि खऱ्या गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू. उरलेला वेळ कामाला द्या.

लेन्सवाली सिडको

दादा, तुमचा स्टुडिओ रस्त्यावर आहे, पाटी आहे, लोक येताजाता बघतात. माझं काय? मी सिडकोत घरातून काम करते, बेबी शूट, मॅटर्निटी, डोहाळजेवण, बारसं. गाळ्याचं भाडं परवडत नाही आणि कोणता मंडपवाला मला रेफरन्स देणार, त्या लोकांच्यात माझी ओळखच नाही, ती आधीच ठरलेल्या चार पुरुष फोटोग्राफरांची साखळी आहे हे तुम्हालाही माहीत आहे. माझी पाटी म्हणजे माझं प्रोफाइल. पोटुशी बाई रात्री झोप येत नाही म्हणून मोबाईल बघत असते, तिला बाईच फोटोग्राफर हवी असते आणि तिला मी तिथेच सापडते. ही ऑर्डर मामा ठरवत नाही.

आणि इंदूर-लखनौचं म्हणाल तर ते आपल्या हातात आहे थोडंफार. प्रोफाइलच्या नावाच्या रकान्यात नुसतं स्टुडिओचं नाव नको, ‘बेबी फोटोग्राफर नाशिक’ असं लिहा, सर्चमध्ये तो रकाना बघितला जातो. कॅप्शन मराठीत, लोकेशन नाशिकचं, बोलणंही आपल्यासारखं. फोटो मेला असंही नाही, एका पोस्टमध्ये पूर्वी दहाच जायचे, 2024 पासून वीस जातात, माझ्याकडे लोक तेच सरकवत बसतात.

ओझरकर

स्टुडिओवाल्या दादांशी सहमत. बूस्टचं बटण दाबून बघा एकदा, जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी वेगळा आणि इनबॉक्समध्ये नुसतं ‘रेट?’ ‘प्राइस प्लीज’. उत्तर दिलं की माणूस गायब. शंभरातला एक पण पुढे बोलत नाही. त्यापेक्षा दिवाळीच्या आधी ओळखीच्या चार लॉन्सवर एकेक सॅम्पल अल्बम ठेवून येतो, तारखा तिथूनच लागतात.

लेन्सवाली सिडको

गायब होणारच ना भाऊ, रेट लपवला की! ‘डीएम करा’ लिहायचं, मग समोरच्याची परिस्थिती बघून आकडा सांगायचा, लोकांना कळतं ते. मी पॅकेज उघड लिहिते, किती तास, किती एडिट केलेले फोटो, अल्बम आहे की नाही, शहराबाहेर यायचं तर प्रवास वेगळा. ज्याला परवडत नाही तो मेसेजच करत नाही आणि जो करतो तो बहुतेक वेळा तारीख विचारायलाच करतो. आणि बूस्टचं बटण दाबून मोकळं होण्यात अर्थ नाही, अ‍ॅड मॅनेजरमध्ये, म्हणजे जाहिराती लावायच्या वेगळ्या पानावर जाऊन नाशिकच्या भोवतीचे किलोमीटर आणि वय निवडायला लागतं, आणि लग्नवाल्यांनी चातुर्मासात जाहिरात करायची, तेव्हाच घरात बोलणी चालू असतात, मुहूर्त सुरू झाल्यावर तुमच्या तारखाच शिल्लक नसतात.

नुकतंच लग्न झालेली (कॉलेज रोड)

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. आम्ही फोटोग्राफर इन्स्टावरच शोधला, पण ठरवला इन्स्टावरून नाही. दहा लग्नांतले दहा भारी फोटो सगळ्यांकडेच असतात हो. मी प्रत्येकाला सांगितलं एका लग्नाची पूर्ण गॅलरी दाखवा, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत. बऱ्याच जणांनी टाळलं तिथेच. मला बघायचं होतं की कार्यालयातल्या त्या पिवळ्या लाइटमध्ये चेहऱ्याचा रंग कसा येतो, मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा होता का, आणि आजी-आजोबा एका तरी फोटोत नीट आलेत का की सगळे फक्त नवरीच्या बांगड्यांचे क्लोजअप. ज्याने गॅलरीची लिंक पाठवली त्याला ऑर्डर दिली, त्याचे फॉलोअर अगदी थोडे होते.

अजून एक, आणि याचा मला अजूनही राग आहे. हळदीला वेगळा फोटोग्राफर होता, त्याने माझे हळदीचे ओले फोटो न विचारता रील करून टाकले. सासरच्या मंडळींनी आमच्याआधी बघितले. काढायला सांगितलं तर म्हणे, ताई पोस्ट चांगली चाललीय.

वकील आहे, मत वैयक्तिक

वरच्या ताईंच्या मुद्द्यावर सगळ्यांनी लक्ष द्या. ‘मी काढला म्हणजे माझा’ असं फोटोग्राफर धरून चालतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वाचा, कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. तुम्ही नाही. म्हणून कोटेशनवर किंवा बुकिंगच्या पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की कोणते फोटो जाहिरातीला वापरणार, कुठे वापरणार, आणि नको म्हटलं तर काय करणार. सही घ्या. लहान मुलांचे असतील तर आईवडिलांची. गाण्यांचंही तेच, सिनेमातली गाणी धंद्याच्या जाहिरातीला अशीच लावता येत नाहीत, बिझनेस अकाउंटला गाण्यांची यादी तोकडी दिसते ती त्यामुळेच.

पंचवटी स्टुडिओवाला

वकीलसाहेब, माहितीबद्दल आभार, पण यातून माझाच मुद्दा पक्का होतो. रोज काहीतरी टाकलंच पाहिजे हे एकदा डोक्यात बसलं की माणूस विचारायला थांबत नाही. आज काय टाकू म्हणून हार्ड डिस्क उघडतो आणि कोणाच्या तरी घरातला प्रसंग चव्हाट्यावर नेऊन ठेवतो. आपल्यावर विश्वास ठेवून लोक नवरी सजते त्या खोलीत येऊ देतात. त्या खोलीतला फोटो त्यांच्या घरात राहिला पाहिजे. सिडकोच्या ताई, तुमच्याकडे तर तान्ही बाळं येतात, रोज नवा फोटो कुठून आणता?

लेन्सवाली सिडको

रोज टाकतच नाही दादा, तुम्हीच धरून चाललात की सोशल मीडिया म्हणजे रोज. आठवड्यातून एखादी पोस्ट असते, तीही कधी कधी बाळाची नसतेच. खोली किती गरम ठेवायची, बाळ झोपेपर्यंत थांबावं लागतं, दूध प्यायला वेळ द्यायचा, टोपरं-दुपटी प्रत्येक वेळी धुतलेली, ते ‘हातावर हनुवटी’वालं पोझ कधीही एका फोटोत काढत नाहीत, एकाने बाळाला धरून दोन फोटो काढून नंतर जोडतात, हे सगळं मी समजावून सांगते. आयांना त्यातून विश्वास येतो. ज्या नको म्हणतात त्यांचा एकही फोटो बाहेर जात नाही, काही जणी म्हणतात चेहरा नको, मग नुसती इवली पावलं. संमतीचा कागद शूटच्या आधी, शूट झाल्यावर नाही, कारण नंतर बिचाऱ्या भिडेखातर हो म्हणतात.

दोष हावेचा आहे, माध्यमाचा नाही.

सातपूर प्रॉडक्टवाला

दोघंही फक्त घरगुती कार्यक्रमांचं बोलताय. मी मिसळवाल्यांचे मेनू, बेदाण्याचं पॅकिंग, वायनरीच्या बाटल्या असलं शूट करतो. माझे गिऱ्हाईक स्वतःच इन्स्टावर विकतात, त्यांना माझं काम तिथेच दिसलं पाहिजे, दुसरा मार्ग नाही. आणि 2027 चा कुंभमेळा डोक्यावर आलाय, पंचवटी ते त्र्यंबक हॉटेलं, होमस्टे, प्रसादाची दुकानं सगळ्यांना चांगले फोटो लागणार, त्यातले किती जण तुमच्या ओळखीच्या मंडपवाल्याला विचारणार आहेत?

एक बाब मात्र स्टुडिओवाल्यांची खरी. सगळी भिस्त एकाच अकाउंटवर नको. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही सहाएक तास बंद पडले होते ते आठवा. माझ्या एका मित्राचं अकाउंट ‘कॉपीराइट तक्रार आलीय, लिंक दाबा’ अशा खोट्या मेसेजने गेलं ते परत आलंच नाही. गिऱ्हाइकांचे नंबर वहीत पण ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टला 256 लोक बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो, तेव्हा अल्बम देतानाच सांगायचं, नंबर सेव्ह करून घ्या.

निफाडचा नवीन

मी यंदाच सुरू केलंय, एकच कॅमेरा आहे, दोन-तीन ओळखीतले साखरपुडे झाले. थोडे पैसे साठलेत. घरी वडील म्हणतात बाजारपेठेत गाळा घे, मित्र म्हणतो इन्स्टाच्या जाहिरातीला लाव. काय करू?

पंचवटी स्टुडिओवाला

दोन्ही नको, आधी दुसरी कॅमेरा बॉडी घे, सेकंडहँड चालेल. ऐन अक्षतांच्या वेळेस शटर अडकलं तर त्या मुलीचं लग्न परत लागणार नाही. कार्डही जास्तीची घे. मग गूगलवर प्रोफाइल कर आणि झालेल्या तीन साखरपुड्यांच्या घरी फोटो वेळेत आणि नीट प्रिंट करून दे, गावाकडे पुढची ऑर्डर त्याच घरातून येते. जाहिरातीला आत्ता एक रुपया नको.

लेन्सवाली सिडको

दुसऱ्या बॉडीचं शंभर टक्के बरोबर. पण भाऊ, प्रोफाइल आजच उघड, जाहिरात नको लावू, त्या तीन घरच्यांना विचारून एकेका साखरपुड्याची पूर्ण पोस्ट टाक आणि नावात निफाड लिही. तुझ्या वयाच्या ज्या पोरांची पुढच्या वर्षी लग्नं आहेत ती मामाला विचारायच्या आधी मोबाईल बघतात.

पंचवटी स्टुडिओवाला

बघू देत. पैसे मात्र मामाच्या खिशातून येतात ताई.