जपानी मालकीची कंपनी, जपानबाहेरची नोकरी : आपले अनुभव लिहावेत

मारुतीचा सुझुकीशी करार १९८२ साली झाला आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गुरगावच्या कारखान्यातून पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. साहेब आणि कामगार यांना एकच गणवेश आणि एकच कँटीन, ही तेव्हाची नवलाई आता रांजणगावपासून राजस्थानातल्या नीमराण्यापर्यंत अनेकांच्या अंगवळणी पडली आहे. पण जेवणाची रांग एक झाली म्हणून निर्णयही एकत्र होतात का, हे मला जाणून घ्यायचे आहे. कंपनीचे नाव न घालता सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करते.

मी पुण्यात जपानी शिकले आणि चाकणजवळच्या एका कारखान्यात नऊ वर्षे दुभाषी होते. भाषेपेक्षा नकार ओळखणे मला जड गेले. जपानी साहेब 'मुझुकाशीई देस ने', म्हणजे 'अवघड आहे', असे म्हणाले की बहुतेक वेळा विषय संपलेला असे. आपल्या लोकांना मात्र अवघड म्हणजे अजून धडपडीला वाव आहे असे वाटे आणि ते उत्साहाने दुसरा प्रस्ताव पुढे करीत. 'केन्तो शिमास' हे तर आपल्या 'बघू या'चे सख्खे भावंड. उलट बाजूने आपला सप्लायर 'होऊन जाईल' म्हणाला आणि मी ते तसेच जपानीत सांगितले, की समोरची वही उघडली जाई: कोणत्या तारखेला, किती वाजता, किती नग? एकदा त्या वहीत २४ तारीख, दुपारी चार, ६०० नग असे माझ्याच तोंडून लिहिले गेले. चोवीस तारखेला चार वाजता साहेब फाटकाशी उभे होते आणि सप्लायरचा फोन बंद होता. त्यांनी आवाज चढवला नाही. 'ते हो म्हणाले होते ना?' एवढेच मला विचारले. तेव्हापासून मी 'होऊन जाईल'चे भाषांतर करणे सोडून दिले आणि आधी मराठीतच तारीख वदवून घेऊ लागले. हे दुभाष्याच्या नियमांत बसत नाही, याची मला कल्पना आहे.

रांजणगाव, क्वालिटी विभाग

आमच्याकडे रुजू होताच 'होरेनसो' शिकवतात: कळवा, संपर्क ठेवा, सल्ला घ्या. (जपानीत पालकाच्या भाजीलाही हाच शब्द आहे, त्यामुळे तो विसरत नाही.) एका सकाळी प्रेसवरच्या चाळीस नगांना बर, म्हणजे कापलेल्या कडेला राहणारी धातूची खरखरीत धार, निघाली. उपायासकट सांगावे म्हणून मी आधी ते नग निवडून बाजूला काढले आणि दोन तासांनी साहेबांकडे गेलो. ते रागावले, पण बर आली म्हणून नव्हे, ते दोन तास वाया गेले म्हणून. मग ते माझ्याबरोबर प्रेसपाशी आले, नगाच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवून पाहिले आणि कारणे विचारू लागले. 'ऑपरेटरची चूक' हे माझे पहिले उत्तर त्यांनी खोडले. पाचव्या 'का'ला कळले की पंचला धार लावण्याची नोंद ज्या फळ्यावर होते, तो फळा खांबाआड टांगलेला होता. फळा हलला आणि बर थांबली. सोळा वर्षांच्या नोकरीत मी एवढे दुसरीकडे कुठे शिकलो नाही, परंतु त्या दिवशी मला घरी पोहोचायला रात्रीचे साडेदहा झाले, हेही इथे नोंदवतो.

गुरगाव, लेखा विभाग

मूळ प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. निर्णय बैठकीत होत नाहीत. एकेकाला आधी गाठून सगळे ठरवलेले असते, बैठकीत फक्त माना डोलतात, आणि त्यानंतर कागदावर शिक्के घेत मंजुरी तोक्योपर्यंत फिरते. एका प्रिंटरसाठी मी सात आठवडे थांबले आहे. तेही चालले असते. पण दर तीन-चार वर्षांनी तिकडून नवे साहेब येतात, त्यांना इथला जीएसटी, इथल्या बँका, इथली माणसे मी समजावून सांगते, आणि ते माझे वार्षिक मूल्यमापन करतात. सध्याचे चौथे.

थायलंड, चोनबुरी

मी मूळचा सांगलीचा. इथे जपानी साहेब गप्प, थाई कामगार हसतमुख, आणि बैठकीत मोठ्याने बोलणारा मी एकटा. दोष दिसताच दोर ओढून लाइन थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, पण समोरच्याला त्रास नको म्हणून मागे सरण्याची जी वृत्ती थाई लोक 'क्रेंगजाय' म्हणून ओळखतात, तिच्यामुळे दोर कोणी ओढत नसे. मी भाषणे केली, फलक लावले, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका मुलीने घाबरत घाबरत दोर ओढला, लाइन थांबली, आणि प्लांटचे जपानी प्रमुख स्वतः चालत येऊन तिच्यापुढे वाकून 'खोप खुन', म्हणजे थाईत 'धन्यवाद', म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोर तीन वेळा ओढला गेला. त्यातली एक वेळ तर काहीच कारण नसताना.