मदत हवी आहे: आठ मैत्रिणी, डोंगरातलं तळं, तीन रात्रींचा मुक्काम

शेवंती:
आम्ही आठजणी, वयं २९ ते ५८. तळं ३,१०० मीटरवर आहे आणि गाडी जवळपास काठापर्यंत जाते. राहायला दोन खोल्यांची लाकडी झोपडी आहे, त्यात चार खाटा, वीज नाही. उरलेल्या चौघी तंबूत झोपतील. आमचं गाव ५०० मीटर उंचीवर. पहाटे निघून संध्याकाळी थेट तळ्यावर पोचायचं, असा सध्याचा बेत आहे. दोघींना पोहता येत नाही, एकीला दमा आहे. तिथे होडी आणि पॅडल बोर्ड भाड्याने मिळतात. सामान, पाणी, स्वयंपाक, पाळी-शौचाची सोय आणि पैशांची वाटणी, सगळ्यावर सल्ला हवा आहे. बेतात काही चुकत असेल तर तेही स्पष्ट सांगा.

उतरण:
चुकतंय. एका दिवसात ५०० वरून ३,१०० मीटरवर जाऊन तिथेच झोपायचं, हाच या बेतातला सगळ्यात कच्चा भाग आहे. गाडी वरपर्यंत जाते म्हणून सोपं वाटतं, पण शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. पहिली रात्र २,००० ते २,५०० मीटरच्या दरम्यान काढा. एक रात्र वाढवता येत नसेल तर तळ्यावर दोनच रात्री राहा. तीन रात्री डोकं धरून बसण्यापेक्षा दोन रात्री मजेत गेलेल्या बऱ्या.

उंचीचा त्रास पोचल्या पोचल्या होत नाही, साधारण ६ ते १२ तासांनी सुरू होतो. म्हणजे नेमका रात्री. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, झोप न लागणं. एवढ्यावर असेल तर आणखी वर जायचं नाही, विश्रांती घ्यायची, पाणी प्यायचं. वाढत गेला तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. ३०० ते १,००० मीटर उतरल्यावर बहुतेकांना आराम पडतो. बसल्या जागी धाप लागत असेल, किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितल्यावर तोल जात असेल, तर ती आणीबाणी आहे. त्यासाठी एक गाडी आणि रात्री घाटात गाडी चालवू शकेल अशी एकजण कायम तयार हवी. तिने त्या रात्री दारू घ्यायची नाही. पहिल्या रात्री तर कुणीच घेऊ नये, कारण दारू उतरतानाचा त्रास (हँगओव्हर) आणि उंचीचा त्रास सारखेच दिसतात.

अ‍ॅसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगायचं. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त जावं लागतं, हे आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही. दम्याच्या मैत्रिणीने इनहेलर दोन न्यावेत, एक अंगावरच्या खिशात. गार कोरड्या हवेने दमा उठतो, म्हणून तोंडावरून मफलर.

पाणकोंबडी:
पाण्याबद्दल मी लिहिते. डोंगरातलं तळं उन्हाळ्यातही फसवं असतं. काठचं गुडघाभर पाणी उन्हाने कोमट झालेलं असतं आणि थोडं आत गेलं की एकदम बर्फगार. बर्फ वितळून भरणारं तळं असेल तर कोमट थर असा नसतोच. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिलं मिनीटभर श्वासावर ताबा राहत नाही, माणूस अनावरपणे हापतो, आणि त्याच वेळी तोंड पाण्याखाली असेल तर बुडतो. पट्टीचं पोहणाऱ्यांनाही हे होतं. नंतरच्या दहाएक मिनिटांत हातपाय काम करेनासे होतात. शरीर पूर्ण गार पडून शुद्ध जायला मात्र तासभर लागू शकतो. म्हणजे बहुतेक जीव थंडीने नाही, पहिल्या मिनिटात आणि हात थिजल्यावर जातात, आणि या दोन्ही वेळी जॅकेटच वाचवतं.

म्हणून होडीत किंवा बोर्डवर असताना आठहीजणींच्या अंगात लाइफ जॅकेट. 'मला येतं पोहायला' चालणार नाही. भाड्याने घेताना आतलं लेबल वाचा: ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि काठाजवळच्या वापरासाठी असतं, न पोहणाऱ्या दोघींना किमान १०० न्यूटनचं. घालून पट्टे आवळल्यावर दुसरीने खांद्यापाशी धरून वर ओढायचं. ते कानांपर्यंत सरकलं तर ढिलं आहे, बदलून घ्या. बोर्डची दोरी घोट्याला बांधलेली हवी. वाऱ्याने बोर्ड माणसापेक्षा वेगाने पळतो.

उडी मारून पाण्यात शिरायचं नाही. कमरेपर्यंत चालत जा, चेहऱ्यावर-मानेवर पाणी मारा, श्वास ताब्यात आला की मग आत. बाहेर आल्यावर लगेच कोरडे कपडे आणि टोपी. बाहेर आल्यानंतरही काही वेळ अंग आणखी गार पडत जातं, तेव्हा शेकोटीसमोर ओल्या कपड्यांत गप्पा मारत बसू नये.

सावरी:
पाणकोंबडीला अनुमोदन. वेळेचंही बघा. दरीत दिवसा वारा वर चढतो आणि दुपारी सगळ्यात जोरात असतो. रात्री तो उलटा खाली वाहतो. तळं सकाळी आरशासारखं असतं, दुपारी त्यावर लाटा. होडी-पोहणं सकाळी ११ पर्यंत उरकून घ्या. जाताना वाऱ्याविरुद्ध जा म्हणजे दमलेल्या हातांनी परत येताना वारा मदतीला असेल. दुपारी ढग उंच वाढायला लागले की पाण्याबाहेर. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. गाडीत बसा, एकट्या उंच झाडाखाली नको. तंबू विजेपासून काहीच संरक्षण देत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

तंबू अगदी काठावर ठोकू नका. फोटो छान येतो, पण थंड हवा जड असल्याने खोलगट जागेत साचते आणि काठावर दवही जास्त. पाण्यापासून ६०-७० मीटर दूर आणि थोड्या चढावर तंबू लावला तर रात्र जाणवण्याइतकी उबदार जाते.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. त्यातला 'कम्फर्ट' हा आकडा बघा, 'लिमिट' नको. कम्फर्ट सर्वसाधारण बाईच्या हिशेबाने काढलेला असतो, लिमिट पुरुषाच्या. दुकानात मोठ्या अक्षरात बऱ्याचदा लिमिटच छापलेलं असतं. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे तुमच्या गावापेक्षा तळ्यावर सुमारे १७ अंश कमी. खालची चटई बॅगेइतकीच महत्त्वाची. जमिनीची थंडी बॅग अडवत नाही, कारण अंगाखाली तिचा कापूस दबलेला असतो.

चौकट:
स्वयंपाक. ३,१०० मीटरवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात कडधान्यं शिजता शिजत नाहीत आणि गॅस मात्र संपतो. प्रेशर कुकर न्या किंवा घरून शिजवून-वाळवून न्या. गॅस माणशी दिवसाला ३० ग्रॅम धरा. आठजणी, तीन दिवस म्हणजे ७२० ग्रॅम, तेव्हा २३० ग्रॅमचे चार डबे. नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्याच्या आसपास वायूच सोडत नाही, आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा घ्या.

पिण्या-रांधण्याला माणशी ४ लिटर, म्हणजे रोज ३२ लिटर. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नये. २,००० मीटरच्या वर खळखळून उकळल्यावर तीन मिनिटं उकळतं ठेवा. क्लोरीनच्या गोळीला अर्धा तास लागतो, अति गार पाण्यात दुप्पट धरा, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी तिला दाद देत नाही. नळ्यांचा फिल्टर असेल तर रात्री बॅगेत अंगाशी घेऊन झोपा. एकदा गोठला की आतून फुटतो आणि वरून काही कळत नाही.

शेगडी किंवा निखारे तंबूत, बंद खोलीत अजिबात नकोत. कार्बन मोनॉक्साइडने डोकं दुखतं, मळमळतं, आणि सगळ्यांना वाटतं उंचीचा त्रास आहे. एका खोलीतल्या साऱ्याजणींचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर आधी बाहेर पडा, चर्चा नंतर.

निळी_पिशवी:
ज्यावर कुणी लिहीत नाही ते मी लिहिते. झोपडीला संडास नसेल तर पाणी, वाट आणि तंबूपासून ६०-७० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. छोटं खुरपं दोन न्या, एकच नेलं की नेमकं दुसरीकडे असतं. कागद पुरू नका, उंचावरच्या गार मातीत तो फार हळू कुजतो. पॅड-टॅम्पॉन पुरायचे नाहीत, जाळायचेही नाहीत (नीट जळत नाहीत, नुसते धुमसतात). दुहेरी झिप पिशवी, बाहेरची अपारदर्शक, आत चमचाभर खायचा सोडा, वास राहत नाही. पाळीचा कप वापरणाऱ्यांनी हात धुण्याचं स्वच्छ पाणी वेगळ्या बाटलीत ठेवावं. पहिल्यांदा कप वापरून बघायची ही जागा नाही. पाळीची तारीख नसली तरी सामान ठेवाच.

रात्री थंडीत उठायचा कंटाळा येतो म्हणून संध्याकाळपासून पाणी कमी प्यायचं, हे बायका सर्रास करतात. त्याने लघवीची जळजळही होते आणि डोकंही दुखतं. उभ्याने लघवी करायचं नरसाळं मिळतं. घरी न्हाणीघरात दोन-चार वेळा सराव करून मगच न्या.

साबण तळ्यात नको, 'निसर्गस्नेही' लिहिलेला असला तरी. पाणी बादलीत घेऊन लांब जाऊन धुवा.

शेवंती:
मनापासून आभार. पहिली रात्र खाली काढायचं ठरवतोय. पैशांचं आणि गाडीचं कुणी सांगेल का? एक-दोघींचं 'बघते, सांगते' चालू आहे.

तिसरी_घंटा:
'बघते' म्हणजे नाही, असं धरून हिशेब करा. खर्च दोन भागांत वेगळा काढा: झोपडी, गाडी, तंबू हा ठरीव खर्च आणि खाणंपिणं हा माणशी. ठरीव खर्चाचा निम्मा वाटा एका तारखेपर्यंत जमा, ज्यांचा आला त्याच येणार. त्या तारखेनंतर गळणारीने आपला ठरीव वाटा द्यायचा, बदली मैत्रीण मिळाली तर परत. हे बुकिंगच्या आधी गटात लिहून टाका, नंतर लिहिलं तर ते कुणा एकीवर रोख धरून लिहिल्यासारखं वाटतं. झोपडी आणि तंबूवालींचा वाटा सारखाच ठेवायचा असेल तर मधल्या रात्री जागा बदला. सगळ्यात वयस्क आणि दमेकरी मात्र आतच.

आठ आसनांच्या गाडीत आठजणी बसल्या की सामानाला जागा उरत नाही. दोन गाड्या घ्या, उतरणने सांगितलेल्या कारणासाठीही ते बरं. आणि रेंज नसेल हे गृहीत धरून घरच्या एका माणसाकडे मुक्कामाची जागा, गाड्यांचे नंबर आणि 'अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळव' हे कागदावर लिहून द्या. ती वेळ परतीच्या अंदाजापेक्षा चार-पाच तास पुढची ठेवा, म्हणजे वाटेत चहाला थांबलात म्हणून शोधपथक निघणार नाही.