रसायनसाठ्याच्या नोंदीसाठी टूडी इमेजरच घ्या, लेझर नको

भांडारपाल:
बाटल्या-व्हायलींच्या (छोट्या काचेच्या कुप्यांच्या) नोंदीसाठी लेझर स्कॅनरचा विचारच करू नये, असं माझं ठाम मत आहे. लेझर फक्त पट्ट्यांचा बारकोड वाचतो; टूडी इमेजर कोडाचं चित्र टिपून चौकटींचा कोडही वाचतो. हिशेब मांडतो. दहा अंकी क्रमांक कोड १२८ या पट्ट्यांच्या बारकोडात छापला की ९० मॉड्यूल, म्हणजे सर्वांत बारीक पट्टीच्या ९० रुंद्या, लागतात. ०.२५ मिमीच्या मॉड्यूलने २२.५ मिमी, दोन्ही बाजूंची कोरी जागा धरून २७.५ मिमी. आता १२ मिमी व्यासाची २ मिलीची व्हायल हातात घ्या. कोड आडवा लावला तर तो निम्म्याहून जास्त घेर व्यापतो आणि कडेच्या पट्ट्या स्कॅनरला दिसतच नाहीत. उभा लावायला झाकण सोडून तेवढी उंची उरत नाही. तोच क्रमांक डेटा मॅट्रिक्स या चौकटींच्या कोडात १२ × १२ चौकटींत बसतो, म्हणजे त्याच ०.२५ मिमीच्या मापाने कोऱ्या कडेसह जेमतेम साडेतीन मिमी. शिवाय चूकदुरुस्ती अंगभूत, त्यामुळे थोडा डाग पडला तरी क्रमांक मिळतो.

विश्लेषक:
व्हायलींपुरतं मान्य. पण ५०० मिली आणि अडीच लिटरच्या बाटल्यांवर कोड १२८ ला हवी तेवढी जागा असते. तिथे वाचन अडतं ते लेबलमुळे. डायरेक्ट थर्मल कागद (शाईविना, उष्णतेनेच छपाई उमटणारा) उष्णतेने नि सॉल्व्हेंटने काळवंडतो. पॉलिएस्टर लेबल आणलं पण प्रिंटरची शाईची फीत, म्हणजे रिबन, मेणाची ठेवली, तर ॲसिटोनने एकदा पुसताच छपाई फडक्यावर येते. थर्मल ट्रान्सफर (रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरवणारा) प्रिंटर आणि रेझिन रिबन, खर्च आधी यावर करा. आणि चूकदुरुस्तीवर फार विसंबू नका. ती माहितीच्या चौकटींची असते. डेटा मॅट्रिक्सची एल आकाराची सलग कड गेली की बहुतेक वेळा कोड सापडतच नाही.

इमेजरची आणखी एक अडचण म्हणजे बाटलीवर उत्पादकाचा कोडही असतो. तो आपल्या कोडाशेजारी असेल तर इमेजर नेमका तोच उचलतो.

भांडारपाल:
त्यावर उपाय आहे. नको असलेले कोडप्रकार सेटिंगमध्ये बंद करा, फक्त मधोमध असलेला कोड वाचण्याची सोय चालू करा आणि क्रमांकाची सुरुवात ठरावीक अंकांनी ठेवा, म्हणजे परका कोड आला तर सॉफ्टवेअर नाकारेल. क्रमांक प्रत्येक बाटलीला वेगळा हवा, हे मात्र कुणी विसरू नये. कॅस क्रमांक हा रसायनाचा ओळखक्रमांक, बाटलीचा नव्हे; ६७-६४-१ सगळ्याच ॲसिटोनचा. त्यावरून कुठली बाटली संपली ते कळणार नाही.

प्रणाली सांभाळणारा:
दोघांनीही जोडणीचा विषय सोडला. बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणून जोडले जातात. कर्सर भलत्या रकान्यात असेल तर क्रमांक मुकाट्याने तिथे जातो. कीबोर्ड मराठीवर राहिला तर कोडातल्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी उमटतं. म्हणून कोडात निव्वळ अंक ठेवा, शेवटी एंटर लावा आणि स्वीकारण्याआधी लांबी तपासा. ब्लूटूथ घेणार असाल तर संपर्क तुटल्यावर वाचन साठवून ठेवणारंच मॉडेल घ्या. लोखंडी कपाटांमागे संपर्क तुटतोच.

विश्लेषक:
बिनतारीवरून आठवलं, ज्वलनशील सॉल्व्हेंटच्या कोठारात जिथे वाफ साठू शकते तिथे साधा स्कॅनर किंवा फोन नेऊ नका. स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित उपकरण हवं. ते नसेल तर नोंद दाराबाहेर, बाटली देता-घेतानाच करा. तिथे टेबलावर मोठ्या बाटल्यांसाठी तारेचा लेझरही पुरतो, असं माझं म्हणणं आहे.